मुलींच्या मैदानाचे काय?

अनिता पॉलदुराई हे नाव आपल्या धार-देवासच्या घरांत फारसे घेतले जात नाही. त्या चेन्नईच्या, आणि खेळ बास्केटबॉल. तरीही ज्या घरात शाळकरी मुलगी आहे, त्या प्रत्येक घराने त्यांची कारकीर्द एकदा नीट पाहावी, असे आम्हाला वाटते.

२००० ते २०१७ अशी दीर्घ वर्षे त्या भारतीय महिला संघाकडून खेळल्या. वयाच्या १९ व्या वर्षी संघाच्या कर्णधार झाल्या. दक्षिण रेल्वेच्या नोकरीने खेळाला आधार दिला. मूल झाल्यावर 'आता पुरे' असे न म्हणता त्या पुन्हा मैदानात उतरल्या. जुलै २०१७ मध्ये बंगळुरूत भारताने कझाकस्तानचा ७५-७३ असा पराभव करून महिला आशिया चषकाचा 'ब' गट जिंकला आणि वरच्या गटात स्थान मिळवले. त्या संघात अनिताताई होत्या, तशीच आपल्या पुण्याची शिरीन लिमयेही होती. २०२१ मध्ये अनिताताईंना पद्मश्री जाहीर झाली.

वाचकहो, गुणवत्ता त्यांची स्वतःची होती. पण ती टिकली ती मैदान, नोकरी आणि घरची साथ या तिन्हींमुळे. आपल्याकडे काय चित्र आहे? गाणे, नाटक, स्नेहसंमेलन यांत आपल्या मुली पुढे असतात. कुमारजींच्या देवासला त्याचा अभिमान हवाच. पण दहावी आली की खेळ मागे पडतो, आणि लग्न ठरले की तो संपतोच. याला केवळ मुलींची नावड म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे.

बास्केटबॉलला लागते ती २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद सपाट जागा, दोन रिंग, संध्याकाळी दिवे आणि मुलींना निर्धास्तपणे जाता-येता येईल असा रस्ता. एवढे मागणे जड नाही. मध्य प्रदेशात स्थानिक संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. निम्म्या जागांवर महिला बसत असतील, तर मैदानाच्या निम्म्या वेळेवरही मुलींचा हक्क का नसावा?

देवासची महापालिका असो वा धारची नगरपालिका, मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण हेच विचारावे: आमच्या वॉर्डातील मुली कुठे खेळतील, आणि किती वाजेपर्यंत? उत्तर लेखी घ्यावे. संस्थानकाळापासून इथे नांदणाऱ्या आपल्या घरांचा शब्द या गावांत अजून ऐकला जातो. तो आपल्या लेकींसाठी वापरू या.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारू या. सून म्हणून आलेली मुलगी खेळाडू असेल, तर तिच्या सरावाची वेळ आपण सांभाळणार ना?