वाळूतली गाडी आणि अम्मींची कंबर

हिवाळ्याच्या सुटीत आम्ही घरातले सहाजण नाशिकहून दुबईला, धाकट्या भावाकडे गेलो. लहबाबच्या लाल वाळूत जायचं हे मुलांनी निघण्याआधीच ठरवलं होतं. कसारा घाट पाठ असलेल्या आम्हाला वाळूच्या टेकड्यांचं काय अप्रूप!

डांबरी रस्ता संपला तिथे पठाण चालकाने गाडी थांबवली आणि चारही चाकांतली हवा सोडू लागला. ३५ पीएसआयचा दाब त्याने १५-१६ वर आणला. चाक पसरट झालं की वजन जास्त जागेवर विभागतं, गाडी रुतत नाही. मग त्याने विचारलं, "कोणाला पाठीचा, हृदयाचा त्रास? कोणी पोटुशी?"

अम्मी "नाही" म्हणाल्या. त्यांच्या मणक्याची औषधं सुरू आहेत हे आम्हाला ठाऊक होतं. भावाने पैसे भरलेले, त्यांचा हिरमोड नको, म्हणून आम्हीही गप्प. नऊ वर्षांची पुतणी मात्र बोलली, "दादी रोज रात्री शेक घेतात." चालकाने अम्मींना सरळ उतरवलं आणि सपाट वाटेने तंबूकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं. भाभीही सोबत गेल्या. अम्मींनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढे कळलं, तो बरोबर होता. टेकडीची वाऱ्याकडची बाजू लांब, सौम्य चढाची; पलीकडे तीस अंशांहून तीव्र उतार. गाडी आडवी गेली तर उलटू शकते, म्हणून तो सरळ चढायचा, सरळ उतरायचा आणि पलीकडचं दिसत नाही म्हणून माथ्यावर वेग कमी करायचा. तरीही एका माथ्यावर डोकं छताला लागलं. आमची धडधाकट कंबर दोन दिवस दुखली. जाणाऱ्यांनी दुपारी पोटभर बिर्याणी खाऊ नये, हेही सांगून ठेवतो.

असरला थांबलो. मुक्काम आठ दिवसांचाच, म्हणून दोन रकात कसर. मुलाने तयम्मुमसाठी वाळूवर हात मारला. गाडीत पाण्याच्या बाटल्या भरलेल्या असताना कसला तयम्मुम? सूरह माइदातली ती सवलत पाणी न मिळणाऱ्याला आणि आजाऱ्याला. वुजू करवला.

मगरिबला तंबूत पोहोचलो, तर अम्मी खुर्चीवर, पाय लाल वाळूत, हातात कहवा.

आता घरी शेजारणींना त्या वाळूचं वर्णन रंगवून सांगतात. गाडीतून उतरवल्याचं तेवढं गाळतात.