ताट आजोबांचं, काम आपलं

"घ्या ना जी, अजून थोडा!" आमच्या गोंडपिपरीकडे पंगतीत हा आग्रह झाला नाही तर पाहुण्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. नको म्हणून पानावर हात आडवा धरला तर त्या हातावरच भात पडतो. या प्रेमाशी मला एकदाचं भांडायचंय. नातेवाईक मंडळी रागावली तरी चालेल.

आपला भाग धानाचा. दोन्ही वेळा भात. रोवणीला दिवसभर चिखलात वाकलेल्या माणसाला ताटभर भात लागायचाच. आता आपण खुर्चीत नाहीतर दुचाकीवर, आणि ताट मात्र आजोबांच्याच मापाचं! वर दिवसभर चहा-बिस्किटं, जी आजोबांना कुणी दिलीच नव्हती.

"पण आपल्या घरात कोणी लठ्ठ नाही, मग शुगर कशी?" हा प्रश्न दर लग्नात ऐकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! काटा सांगत नाही ते हे.

आत काय होतं? खर्चून उरलेलं अन्न चरबी होऊन साठतं. कातडीखालची कोठी प्रत्येकाची वेगळी. ज्याची लहान, त्याची लवकर भरते आणि माल यकृतात, स्वादुपिंडात जाऊन पडतो. असं यकृत मग इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, नको असतानाही रक्तात साखर सोडत राहतं. स्वादुपिंड बिचारं जास्त जास्त इन्सुलिन ओततं. काही वर्षं रिपोर्ट नॉर्मल, आपण खुशीत. मग एक दिवस तेही थकतं.

आनुवंशिकता असतेच, नाही कोण म्हणतो? पण "मामाला होती म्हणून मला" म्हणताना मामाचं ताटही आपणच उचललंय, त्याचं काय? न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांनी लठ्ठ नसलेल्या २० मधुमेहींचं वजन सुमारे दहा टक्के उतरवलं (२०२३ साली छापून आलंय), तर १४ जणांची शुगर औषधांशिवाय आटोक्यात आली. कारल्याचा रस नाही, जांभळाच्या बियांची पूड नाही. खाणं कमी, बस्स.

आणि आपण भांडतो कशावरून, तर दीक्षित की दिवेकर! दिवसातून दोनदाच खा म्हणणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित (मूळ कल्पना आपल्या विदर्भातल्या डॉ. श्रीकांत जिचकारांची) खरे, की दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर? दोन्ही बाजूंचे भक्त घड्याळ बघतात, वाढपी किती वाढतोय ते कुणीच बघत नाही. मला विचाराल तर आपल्याकडे दोनदाच निभेल. कारण दर दोन तासांचं "थोडं" आपल्या वहिन्या-काकूंच्या हातून थोडं राहणं कठीण!

एक मात्र आहे. ज्यांना इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हे वाचून उद्यापासून जेवण तोडू नये. साखर एकदम खाली उतरून चक्कर येते, माणूस बेशुद्धही पडतो. आधी डॉक्टरांकडून गोळीचं माप बदलून घ्यायचं, मग ताटाचं.