डोंगरात जाण्याआधीचा एक कागद

माझा भाचा नोकरीसाठी जपानात असतो. एप्रिलच्या शेवटी त्याने तातेयामाचा व्हिडिओ पाठवला. आपल्याकडे पारा चाळिशीपार आणि तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसपेक्षा उंच बर्फाच्या भिंती! एखाद्या वर्षी ही भिंत २० मीटरपर्यंत जाते म्हणे. हिवाळ्यात सैबेरियाचे थंड वारे जपानच्या समुद्रावरून वाफ उचलतात आणि या डोंगररांगेला धडकून सगळा बर्फ तिथेच ओततात.

बहुतेक पर्यटक भिंतीपाशी फोटो काढून परततात. भाच्याला मात्र मित्रांबरोबर मुरोदोच्या, म्हणजे २,४५० मीटर उंचीवरच्या शेवटच्या थांब्याच्या पुढे, मोकळ्या बर्फात जायचं होतं. तिथे आधी फॉर्म भरावा लागला. नावं, वाट, परतायचा दिवस, सामान, घरचा फोन. फोनवर कुरकुरत होता, "मामा, इथे डोंगर चढायलाही अर्ज!"

मी म्हटलं, अर्ज कसला, मागे ठेवलेला निरोप आहे तो.

या निरोपामागे माणसं गेलेली आहेत. नोव्हेंबर २०१३ मध्ये याच तातेयामा भागात हिमस्खलनात ७ जण गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये ओंताके ज्वालामुखी ऐन शनिवारी दुपारी फुटला. ५८ मृत्यू, ५ जण आजही बेपत्ता. फॉर्म भरून गेलेले थोडेच होते, त्यामुळे वर नक्की कोण कोण होतं हे कळायलाच वेळ गेला. गिफू प्रांताने ठरवून दिलेल्या डोंगरांसाठी नोंद सक्तीची केली. न केल्यास ५० हजार येनपर्यंत दंड. शेजारच्या नागानोने २०१६ मध्ये सक्ती केली, पण दंड ठेवला नाही.

काही जण म्हणतील, डोंगरात माणूस मोकळा व्हायला जातो, तिथेही सरकार कशाला? मुद्दा बरोबर आहे. पण बर्फात पाऊलखुणा तासाभरात बुजतात. शोधायला निघालेल्यांना कुठून सुरुवात करायची एवढं तरी कळायला नको? त्यांचाही जीव धोक्यात असतोच की.

आता आपल्याकडे बघू. गेल्या पावसाळ्यात आपल्या तालुक्यातल्या गडावर तीन पोरं अडकली, तेव्हा बातमीसाठी मी रात्रभर पायथ्याला होतो. पोरं कुठल्या वाटेने चढली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. घरी सांगितलं होतं, "मित्राकडे अभ्यासाला जातोय." बचावाला आलेली मंडळी नोकरी-धंदा सोडून, स्वतःच्या पेट्रोलने आलेली. धुक्यात दोन वाटा पालथ्या घातल्यावर पहाटे तिसरीवर पोरं सापडली. जिवंत सापडली हे नशीब.

आपल्याकडे बर्फ नाही, पण धुकं आहे, निसरडे कातळ आहेत. वाहनतळाची पावती मात्र न चुकता फाडली जाते. त्याच टेबलावर एक वही ठेवायला कितीसा खर्च येतो? नाव, वाट, परतायची वेळ, घरचा नंबर. संध्याकाळी कोण खाली आलं नाही, हे वही बघून ठरवणारा एक माणूस. ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर येत्या रविवारपासून होईल.

भाचा ठरल्या दिवशी खाली आला आणि त्याने फोन केला. वही येईपर्यंत आपण निदान घरी खरं सांगून निघूया.