थायरॉईड निघालं, तरी दूध तोडू नका

बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईला थायरॉईड निघालं, की घरात आधी चर्चा होते ती दुधाची. 'गोळी सुरू झाली ना, मग आता वरचं दूध लावा,' असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. धाराशिव जिल्ह्यातलं ढोकी हे आमचं गाव, तेरणा साखर कारखान्याचं. तिथे आमच्या नात्यातल्या एका लेकीला, बाळ पाच महिन्यांचं असताना, हा आजार निघाला. दूध तोडण्याचा आग्रह तिला सर्वांत जास्त झाला तो परदेशातल्या नातेवाइकांकडून, फोनवरून. आपलं शिक्षण आणि आपण पाठवतो ते पैसे, यांमुळे गावी आपल्या शब्दाला वजन असतं. म्हणून हा लेख ढोकीसाठी नाही, आपल्यासाठी लिहिते आहे.

थायरॉईड कमी पडलं की जी गोळी देतात तिचं नाव लेवोथायरॉक्सिन. आपल्या गळ्यातली ग्रंथी जे संप्रेरक बनवते, तेच या गोळीत असतं. निरोगी आईच्या दुधातही ते अगदी थोडं उतरतं. योग्य मात्रेत गोळी घेणारी आई बाळाला काही परकं पाजत नाही. स्तनपान चालू असताना ही गोळी निर्धास्त घ्यावी, यावर डॉक्टरांत मतभेद नाहीत. उलट उपचार झाला नाही तर दूधच कमी होऊ शकतं. मग 'हिला दूधच पुरत नाही' हा ठपका त्या बाईवर येतो, आणि रक्त तपासायचं राहून जातं.

दुसरी भीती अशी, की आईचा आजार दुधातून बाळाला लागेल. तो लागत नाही. हा संसर्ग नव्हे. आईच्या शरीराची स्वतःच्याच ग्रंथीशी चाललेली ती कुरबुर असते.

आता वरच्या दुधाचं. लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत नळाचं पाणी येतं, बाटल्या उकळायचं यंत्र असतं, डब्यातली पावडर दुकानात कायम मिळते. धाराशिव हा दुष्काळी पट्टा. उन्हाळ्यात कित्येक गावांना टँकरचं पाणी. बाटली नीट उकळली नाही, पावडर पुरवून पुरवून पातळ केली, किंवा सरळ गाईचं नाहीतर म्हशीचं दूध पाणी घालून दिलं, की सहा महिन्यांच्या आतलं बाळ हगवणीने आजारी पडतं. इकडे बसून जो सल्ला आपल्याला काळजीपोटी दिलेला वाटतो, त्याची किंमत तिकडे ते बाळ मोजतं. मला या सगळ्यात हेच सर्वांत जास्त लागतं.

बाळंतपणानंतर पहिल्यांदाच निघालेलं थायरॉईड हा बऱ्याचदा वेगळाच प्रकार असतो. न्यूझीलंडमधल्या एच. ई. डब्ल्यू. रॉबर्टन या डॉक्टरांनी १९४८ साली लिहून ठेवलं होतं, की बाळंत झाल्यानंतर काही बायकांना मरगळ येते, थंडी सोसत नाही, केस बिघडतात, आणि थायरॉईडचा अर्क दिला की त्या सुधारतात. पुढे १९८२ मध्ये जपानच्या नोबुयुकी अमिनो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की शंभरातल्या पाचेक बाळंतिणींची ग्रंथी त्या वर्षात अशी बिघडते. गरोदरपणात शांत राहिलेली प्रतिकारशक्ती बाळंतपणानंतर उसळते आणि ग्रंथीला सूज येते. आधी साठलेलं संप्रेरक रक्तात सांडतं. छाती धडधडते, हात थरथरतात, वजन उतरतं, झोप उडते. काही महिन्यांनी साठा संपतो आणि उलटं होतं. अंग जड, पोट साफ नाही, केस गळतात, मन उदास. बऱ्याच जणींची ग्रंथी वर्षभरात सावरते, काहींचा आजार कायम राहतो. घरात मात्र दोन्ही टप्प्यांना एकच उत्तर असतं: बाळंतपणाचा थकवा आहे, जाईल.

यात निदान नेमकं होणं फार महत्त्वाचं. धडधडीच्या टप्प्यात रक्तातलं टीएसएच, म्हणजे ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक, खाली आलेलं दिसतं आणि ग्रेव्हज हा दुसरा आजार असल्यासारखं वाटतं. ग्रेव्हजमध्ये ग्रंथी खरोखरच जादा संप्रेरक बनवते, म्हणून कार्बिमाझोलसारखी औषधं लागतात. सूज येऊन साठा नुसता सांडत असेल तर त्या औषधांचा काहीच उपयोग नाही. धडधड फारच असेल तर डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल देतात, आणि ते घेऊनही पाजता येतं. ग्रेव्हज ओळखण्यासाठी टीआरएबी ही रक्ताची तपासणी आहे. ग्रेव्हजच असला, तरी कार्बिमाझोलच्या बेताच्या मात्रेत, डॉक्टरांच्या नजरेखाली, बाळाची वाढ पाहत स्तनपान चालू ठेवता येतं.

दूध खरोखर थांबवावं लागतं ते किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारासाठी. ते दुधात उतरून बाळाच्या ग्रंथीत साठतं, म्हणून पाजणं काही आठवडे आधीच बंद करावं लागतं आणि त्या बाळाला पुन्हा सुरू करता येत नाही. ग्रंथी तपासायच्या टेक्नेशियमच्या स्कॅनला काही तासांपासून दिवसभरापर्यंतचा खंड पुरतो. स्कॅनचं नाव निघालं तर 'मी अंगावर पाजते आहे' हे बाळंतिणीने स्वतः तोंडाने सांगितलं पाहिजे, आणि रक्ताच्या तपासणीवर भागेल का, हे विचारलं पाहिजे.

लेवोथायरॉक्सिनची गोळी घेण्याची वेळ हा गावातला मोठा घोळ. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत, चहाच्या आणि न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. पण बाळंतिणीला बाळंतपणानंतर सहा महिने लोह आणि कॅल्शियमच्या सरकारी गोळ्याही घ्यायच्या असतात, आणि त्या याच गोळीसोबत घेतल्या तर ती अंगी लागत नाही. मध्ये चार तास हवेत. डिंकाचा लाडू, अळिवाची खीर जरूर खावी, पण गोळीनंतर तासाभराने. आमच्या लेकीने सोपा मार्ग काढला. पहाटे बाळ पाजायला उठलं की उशाशी ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्यासोबत गोळी, लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर आणि कॅल्शियम रात्री. कोबी आणि फ्लॉवर बंद करण्याचा सल्लाही तिला मिळाला होता. शिजवून, नेहमीच्या बेताने खाल्ले तर त्याने काही बिघडत नाही. आयोडीनयुक्त मीठ तर मुळीच सोडू नये, पाजणाऱ्या आईला आयोडीनची गरज जास्त असते.

शेवटी आपल्या बॅगांविषयी. बाळंतिणीचे केस गळतात हे कळलं, की आपण इथून केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या पाठवतो. बायोटिनचा मोठा डोस पोटात असेल तर अनेक प्रयोगशाळांत टीएसएच खोटंच कमी दिसतं आणि टी-फोर, म्हणजे ग्रंथीचं स्वतःचं संप्रेरक, खोटंच जास्त. म्हणजे ग्रेव्हज नसताना ग्रेव्हजसारखा रिपोर्ट येतो. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद हवं, मोठा डोस असेल तर आणखी आधीपासून. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल आणि 'थायरॉईड सपोर्ट' लिहिलेल्या बाटल्या तर पाठवूच नका. त्यांतलं जादा आयोडीन आधीच बिघडलेल्या ग्रंथीला आणखी बिघडवतं, आणि ते दुधातही उतरतं.

पाठवायचंच असेल तर टीएसएचच्या तपासणीचे आणि लातूरला किंवा धाराशिवला डॉक्टरांकडे जाण्यायेण्याचे पैसे पाठवा. गोळी सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते, तेव्हाचेही पाठवा.