कॉम्प्युटरवरचं कव्हर काढा!

केडगाव काय, दौंड काय, कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात थोडा वेळ उभं राहून बघा. बायका येतात, मोबाइल काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "दादा, यातले फोटो काढून द्या." लॉक कसं उघडायचं तेही सांगून टाकतात. त्या मोबाइलमध्ये काय नसतं? आधार कार्ड, पासबुकाचा फोटो, बचत गटाचा हिशेब, लेकीचे फोटो. आपण पर्स अशी कुणाच्या हातात देऊ का हो?

गंमत म्हणजे यातल्या कित्येकींच्या घरी कॉम्प्युटर असतो. मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला. मुलं पुण्याला गेली की त्यावर कव्हर पडतं, ते दिवाळीलाच निघतं. "मला नाही बाई त्यातलं कळत," हे आपलं ठरलेलं उत्तर.

पण मैत्रिणींनो, मोबाइल आणि कॉम्प्युटर जोडायला आता वायरही लागत नाही. ब्लूटूथ पुरतं. लॅपटॉपमध्ये ते बहुधा असतंच. जुन्या कॉम्प्युटरला बोटाच्या पेराएवढा डोंगल लावला की झालं. साधारण दहा मीटरच्या आत, म्हणजे घरातल्या घरात, हे काम होतं. इंटरनेटही लागत नाही, नेटपॅक संपल्याची चिंता नाही.

करायचं काय? दोन्हीकडे ब्लूटूथ चालू करायचं. कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅड डिव्हाइस' म्हटलं की आपल्या मोबाइलचं नाव दिसतं. दोन्ही पडद्यांवर एकच आकडा आला तरच 'हो' म्हणायचं. मग कॉम्प्युटरच्या खालच्या पट्टीतल्या ब्लूटूथच्या चिन्हावर उजवं बटण दाबून 'रिसीव्ह अ फाइल' निवडायचं आणि अँड्रॉइड मोबाइलवरून फोटो पाठवायचा. अनोळखी नावाची विनंती आली तर सरळ नकार. काम झालं की ब्लूटूथ बंद. गॅस बंद करतो तसंच.

ब्लूटूथच्या लहरी एका जागी थांबत नाहीत. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये त्या सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतात. अशा उड्या मारणाऱ्या संदेशाच्या कल्पनेचं पेटंट १९४२ मध्ये अमेरिकेत मिळालं ते हेडी लामार या नटीला आणि तिच्या संगीतकार सहकाऱ्याला! म्हणजे यंत्रांच्या या दुनियेत बाई काही नवखी नाही.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? याच केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनातल्या बायका-मुली शंभर वर्षांपूर्वी छापखाना चालवत होत्या. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. त्यांनी मराठीत आणलेलं बायबल १९२४ मध्ये इथेच छापून पूर्ण झालं. घरादाराने टाकलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या कितीतरी जणी इथे लिहायला-वाचायला शिकल्या आणि कामाला लागल्या. त्यांना खिळे जुळवता आले, मग आपल्याला दोन बटणं दाबता येणार नाहीत?

घरातल्यांनाही एक सांगणं आहे. आई विचारते तेव्हा "दे इकडे, मी करतो" म्हणून मोबाइल ओढून घेऊ नका. माउस तिच्याच हातात राहू द्या. एकदा चुकेल, दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल. एकीला जमलं की गटातल्या दहा जणींना ती शिकवेल.

तेव्हा येत्या रविवारी ते कव्हर काढाच. आपले फोटो, आपला हिशेब आपल्याच हाताने आपल्याच घरात ठेवायचा. त्यासाठी कुणा 'दादा'ची गरज नाही.