पंधराव्या वर्षी चेंडू हातात आला तरी चालतं

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णीच्या रस्त्यांवर पहाटे पळणारी पोरं-पोरी दिसतात ती बहुतेक पोलीस भरतीची. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. शंभर मीटर आणि गोळाफेक दोघांनाही. यात शंभर मीटर झपकन काटणारी, अंगापिंडानं भरलेली, तालमीत नाहीतर कबड्डीच्या मैदानावर धरपकड शिकलेली मुलं कितीतरी असतात. भरतीत एक-दोन गुणांनी मागं पडली की त्यांच्या वेगाचा हिशेब तिथंच मिटतो. नेमका हाच वेग आणि हीच धरपकड ज्या खेळाला लागते, त्या रग्बीचं नाव मात्र या भागात फारसं कानावर येत नाही.

याचं एक कारण जुनं आहे. रग्बी हा साहेबाचा खेळ. कलकत्त्यात १८७२ मध्ये तो खेळला गेला आणि तिथला क्लब बंद पडला तेव्हा शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून कलकत्ता कप घडवला गेला; इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्यासाठी भिडतात. आपल्याकडे या खेळाचं ठाणं म्हणजे बॉम्बे जिमखाना. गावाकडच्या पोरानं तिथं डोकावण्याचा प्रश्नच नव्हता. चित्र बदललं ते ऑक्टोबर २००९ मध्ये. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं सात खेळाडूंची रग्बी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी घेतली आणि ज्या राज्यांनी हा खेळ कधी पाहिला नव्हता त्यांनाही त्यात पदकं दिसू लागली.

पुण्याची वाहबिझ भरुचा याच सुमारास, शाळकरी वयात या खेळात आली. देशात महिलांचा संघ तेव्हा नुकता उभा राहत होता. पुढे जून २०१८ मध्ये सिंगापूरला भारतीय महिला पहिल्यांदा पंधरा जणींच्या रग्बीत उतरल्या, त्यांची कर्णधार वाहबिझच. तिथं दोन्ही सामने गमावले. वर्षभरानं मनिलात सिंगापूरला २१-१९ असं हरवलं, तो या प्रकारातला भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. निर्णायक किक मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकनं, भुवनेश्वरच्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत शिकलेल्या मुलीनं. वाहबिझ पेशानं फिजिओथेरपिस्ट आहे. देशाच्या कर्णधारालाही चरितार्थासाठी दुसरा पेशा हाताशी ठेवावा लागतो, एवढं यावरून कळावं.

क्रिकेटमध्ये पंधराव्या वर्षी पहिल्यांदा बॅट धरणाऱ्याला प्रशिक्षक हसून परत पाठवेल. पोहणं, टेनिस, बुद्धिबळ यांत तर आठव्या वर्षीच गाडी सुटलेली असते. भारतीय रग्बीत अजून तसं नाही. बिहारची श्वेता शाही नालंदा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. मुळात धावपटू. रग्बीचे डाव ती यूट्यूबवर बघून शिकली आणि भारताकडून खेळली. तिच्याच राज्यातली स्वीटी कुमारीही धावण्याच्या ट्रॅकवरून इकडे वळली. २०१९ मध्ये महिला रग्बीला वाहिलेल्या ‘स्क्रमक्वीन्स’नं तिला जगातली सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरवलं. आपल्याकडे कोल्हापूरनं ही वाट धरली. तिथली वैष्णवी पाटील २०२१ मध्ये ताश्कंदला आशियाई स्पर्धेचं रौप्यपदक जिंकणाऱ्या अठरा वर्षांखालील संघात होती. कोल्हापूरला जे जमतं ते माढ्याला का जमू नये? तालमी इथंही आहेत, ऊस इथंही आहे आणि मटण खाण्यात कुणी मागं नाही.

तरीही कबड्डीपटू थेट रग्बीपटू होत नाही. कबड्डीत चढाईपटूला खांद्यानं धडक देऊन मैदानाबाहेर ढकललं की टाळ्या पडतात. रग्बीत हात न गुंडाळता मारलेली तशी धडक म्हणजे फाउल, आणि खांद्याच्या वर हात गेला तर कार्डही मिळू शकतं. म्हणून चांगला प्रशिक्षक मुलांना आधी गुडघ्यांवर बसवून टॅकल शिकवतो. गाल समोरच्याच्या मांडीला चिकटवायचा, डोकं त्याच्या पाठीमागच्या बाजूला ठेवायचं, दोन्ही हातांनी पाय आवळायचे आणि खांद्यानं रेटा द्यायचा. गुडघ्यांवर जमलं की उकिडवं बसून, मग चालत आणि सगळ्यात शेवटी धावत. डोकं चुकीच्या बाजूला गेलं तर समोरच्याचा गुडघा कानशिलावर बसतो. हे पुस्तकात वाचून येत नाही आणि यूट्यूबवर तर मुळीच नाही. श्वेताचं कौतुक करताना हे विसरू नये.

सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत बहुतेकांचा घात होतो तो इथंच. उशिरा आलेली मुलं वेगवान असतात, पण अंग अजून मार झेलायला तयार नसतं. त्यात मुलींच्या गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलांच्या कितीतरी पट. तो फाटला की शस्त्रक्रिया आणि पुन्हा मैदानावर यायला किमान नऊ महिने. पुण्या-मुंबईतलं घर हा काळ आणि हा खर्च कसाबसा निभावतं. माढ्यातल्या मुलीचं काय? घरचे सांगतात, झालं तेवढं पुरे, आता बारावी बघ. आणि त्यांचं चुकत नाही.

खरं तर यावरचा निम्मा उपाय फुकट आहे. इंग्लंडच्या रग्बी संघटनेनं बाथ विद्यापीठासोबत ‘अ‍ॅक्टिव्हेट’ नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप तयार केला आहे: तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं, मानेचा आणि मांडीचा व्यायाम. इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांवरच्या २०१७ च्या अभ्यासात ज्या संघांनी तो आठवड्यातून तीनदा केला त्यांच्या सामन्यांतल्या दुखापती ७२ टक्क्यांनी कमी झाल्या. याला मशीन लागत नाही, जिम लागत नाही. लागतो तो वॉर्म-अपला वेळेचा अपव्यय न समजणारा क्रीडाशिक्षक. आणि क्रीडाशिक्षक मिळणं हेच खेड्यातल्या शाळांचं जुनं दुखणं.

उरलेला निम्मा उपाय पैशाचा आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली. परदेशातले नामांकित खेळाडू आले, सामने टीव्हीवर दिसले, चेन्नई बुल्सनं विजेतेपद नेलं. हे झालं ते चांगलंच झालं. पण ही लीग पुरुषांची होती, आणि देशाच्या संघाच्या आसपास पोहोचलेल्या मोजक्यांनाच तिचा दरवाजा उघडतो. आपल्या तालुक्यातल्या सोळा वर्षांच्या मुलीची अडचण त्याच्या कितीतरी आधीची आहे: शिबिराला जायचं भाडं, स्टडचे बूट, दातांचं माउथगार्ड आणि परीक्षेच्या आठवड्यात लागलेली निवड चाचणी.

बिहारनं यावर सरळ मार्ग काढला. ‘मेडल लाओ, नौकरी पाओ’ म्हणत खेळाडूंना नेमणुका दिल्या, त्यात रग्बीपटूही होते. महाराष्ट्रातही सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहेच. पण बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं इतकी गाजली की खऱ्या खेळाडूलाही पडताळणीच्या खेपा घालाव्या लागतात. शिवाय हे आरक्षण पदकानंतरचं. पदकाआधीची तीन वर्षं कुणाच्याच खात्यात नाहीत.

म्हणून मागणी मोठ्या स्टेडियमची नको. सत्तर बाय शंभर मीटरची मऊ मातीची जागा कुर्डुवाडीसारख्या जंक्शनच्या गावात निघू शकते. पुणे-सोलापूर गाड्या तिथं थांबतात, त्यामुळे पुण्याचा प्रशिक्षक शनिवार-रविवार येऊन जाऊ शकतो. पोलीस भरतीच्या मुलांना तिथं आठवड्यातून दोनदा चेंडू द्यावा, जिल्हा क्रीडा संकुलात महिन्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसवावा, आणि जिल्हा संघात निवड झालेल्या प्रत्येक मुलामुलीचा दुखापतीचा विमा रग्बी संघटनेनं व जिल्हा क्रीडा कार्यालयानं मिळून उतरवावा. आमदार-खासदारांच्या नावानं भरणाऱ्या एका कबड्डी स्पर्धेच्या मंडपाचं बिल पाहिलं, तर तेवढ्यात या विम्याची दोन वर्षं सहज निघावीत.