गाडीची उंची आणि घराची सोय

मनमाडच्या आमच्या घरी, नाशिकच्या कारखान्यात तयार झालेली व केवळ मागील दोन चाकांना गती मिळणारी जुनी बोलेरो आहे. अंकाईकडील मळ्याच्या वाटेवर पावसाळ्यात तिचे पोट घासू लागले, तेव्हा ती दोन इंच उंच करून घ्यावी, असा तरुण मंडळींनी आग्रह धरला.

निर्णयापूर्वी आम्ही जे पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो. मागचे पाटे वर्षानुवर्षांच्या भाराने बसले की गाडी खाली येते. तेव्हा ते बदलणे हाच पहिला उपाय होय. लांब शॅकल घातल्यास वाढविलेल्या लांबीच्या सुमारे निम्मीच उंची मिळते. शिवाय या उपायांनी गाडीचे अंग उचलले जाते, मागील आसाचा गोळा नव्हे; तो मोठ्या टायरांनीच वर येतो. उंचीबरोबर भारमध्य वर जातो आणि गाडी वळणावर अधिक कलते. काळ्या मातीत रुतलेल्या चाकास उंचीने पकडही लाभत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही.

इतक्यात तीर्थरूप मातोश्रींनी विचारले, "पायरी आणखी उंच झाली, तर मला वर कोण चढविणार?"

आम्ही नवे पाटे व शॉकअब्सॉर्बर तेवढे घातले. गेलेली उंची परत मिळाली. मातोश्रीही पूर्वीप्रमाणे मळ्यावर येतात. घरची गाडी घरातील सर्वांत अशक्त पायाने मोजावी, हे आम्हांस पटले.